शेतातला अमोनिया सोळा किलोमीटरवर: काठमांडू, पावसाळा २०१७

३१ जुलै २०१७ रोजी काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावरून एम-५५ जिओफिजिका हे रशियन विमान उडालं. सोव्हिएत काळात टेहळणीसाठी बांधलेलं हे विमान एकच वैमानिक चालवतो, तोही दाबरोधक पोशाख घालून, कारण ते वीस किलोमीटरच्या वर जातं. आपण दिल्ली-मुंबई करतो ती विमानं दहा-बारा किलोमीटरवर थांबतात. जिओफिजिकावर त्या दिवशी ग्लोरिया नावाचा एक अवरक्त कॅमेरा होता. क्षितिजाकडे तिरपं बघत हवेच्या एकेका थरातून येणारे उष्णतेचे किरण टिपायचे आणि त्यांच्या वर्णपटावरून त्या थरात काय काय आहे ते ओळखायचं, हे त्याचं काम. अपेक्षित वायू दिसलेच. पण ८३१ प्रति सेंटीमीटर या तरंगसंख्येपाशी (एका सेंटीमीटरात किती लहरी मावतात तो आकडा) एक अरुंद खूण अशीही होती, जी कुठल्याही वायूची नव्हती. ती अमोनियम नायट्रेटच्या घन कणांची निघाली.

अमोनियम नायट्रेट म्हणजे शेतीत खत आणि खाणीत सुरुंगाचा मालमसाला. ते १३ ते १७ किलोमीटर उंचीवर, म्हणजे जवळजवळ दोन एव्हरेस्ट एकावर एक ठेवल्यावर येईल त्या उंचीवर, सापडलं होतं.

निकाल आधीच सांगून टाकतो, कारण या प्रकरणात उत्सुकता निकालाची नाही, तिथवर कसे पोहोचलो याची आहे. उत्तर भारत आणि पाकिस्तानातल्या शेतांतून, गोठ्यांतून सुटणारा अमोनिया मान्सूनचे ढग वर उचलून नेतात. तिथल्या कडाक्याच्या थंडीत त्याचे कण होतात आणि त्यातला काही भाग हळूहळू स्थितांबरात, म्हणजे ढग-पावसाच्या वरच्या थरात, जातो. अमोनिया पाण्यात इतका सहज विरघळतो की तो पावसाबरोबर खाली येणारच, असं सगळे धरून चालले होते. ते गृहीतक पडलं.

माथ्यावरचा भोवरा

मान्सून म्हणजे नैऋत्येचे वारे, हे शाळेत पक्कं झालेलं असतं. त्याच्या वरचा मजला फारसा कुणी शिकवत नाही. बंगालचा उपसागर, गंगेचं मैदान, हिमालयाचा पायथा इथे मोठा पाऊस पडतो तेव्हा वाफेचं पाणी होताना प्रचंड सुप्त उष्णता मोकळी होते. तिबेटचं पठारही तापलेलं असतं. त्यामुळे जमिनीलगत कमी दाब असतो, पण साधारण १२ ते १८ किलोमीटरच्या पट्ट्यात त्याच्या उलट, जास्त दाबाचा एक अवाढव्य प्रत्यावर्त तयार होतो. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. पसारा एवढा, की एक टोक भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याजवळ आणि दुसरं चीनमध्ये. हवेत उंचावर असलेली ही उन्हाळ्यातली पृथ्वीवरची सर्वांत मोठी रचना मानली जाते. खाली उभं राहून तिचा मागमूसही लागत नाही.

या प्रत्यावर्ताच्या उत्तर कडेला पश्चिमेकडून वाहणारा जेट प्रवाह, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा पट्टा, असतो आणि दक्षिण कडेला पूर्वेकडून येणारा. हा दक्षिणेकडचा पूर्वी जेट आपल्या दख्खनच्या डोक्यावरून जातो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ मध्ये त्याचं नीट वर्णन केलं. दोन जेटच्या मध्ये अडकलेल्या हवेला बाहेर पडायला सहजी वाट नसते, त्यामुळे ढगांनी जे काही वर आणून टाकलं ते आठवडेच्या आठवडे तिथेच घिरट्या घालत राहतं.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा, कारण बातम्यांमधून तो वारंवार दिसतो: ढग प्रदूषण 'थेट स्थितांबरात फेकतात'. तसं क्वचितच होतं. मान्सूनच्या प्रदेशात तपांबराची, म्हणजे ढग-पावसाच्या खालच्या थराची, कमाल मर्यादा, म्हणजे तपस्तब्धी, १६-१७ किलोमीटरच्या वर असते. बहुतेक गडगडाटी ढग १२ ते १५ किलोमीटरपर्यंत माल पोहोचवतात आणि तिथे त्यांची ताकद संपते. तपस्तब्धी भेदून वर मुसंडी मारणारे ढग थोडेच. साधारण १५ किलोमीटरच्या वर मात्र सूर्यप्रकाश आणि अवरक्त किरणं शोषून हवा आपसूक तापते आणि गोल फिरता फिरता वर सरकते. वेग अगदीच गोगलगायीचा, दिवसाला शंभर मीटरसुद्धा नाही. म्हणजे प्रवास दोन टप्प्यांचा: पहिला टप्पा ढगात काही तासांचा, दुसरा प्रत्यावर्तात काही आठवड्यांचा. प्रदूषण वर टिकतं की नाही, हे या दुसऱ्या, संथ टप्प्यावर ठरतं. खालची हवा एखाद्या चिमणीसारखी सरळ वर जाते असं चित्र डोळ्यांसमोर असेल, तर ते अर्धंच बरोबर.

आधीची दहा वर्षं

मान्सूनच्या वाटेने प्रदूषित हवा स्थितांबरात जाते, याचा ठोस पुरावा २०१० मध्ये अमेरिकेतल्या विल्यम रँडेल आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये मांडला. त्यांनी धरलेला धागा होता हायड्रोजन सायनाइड. जंगलं, शेतातला पालापाचोळा, लाकूड जळताना तो बाहेर पडतो, आणि समुद्राचं पाणी त्याला गिळून टाकतं. त्यामुळे उष्णकटिबंधातल्या महासागरांवरून वर चढणाऱ्या हवेत तो कमी असतो. कॅनडाच्या सायसॅट उपग्रहाला आशियाई मान्सूनच्या माथ्यावर तो भरपूर दिसला, आणि तिथून तो स्थितांबरात शिरतानाही दिसला. म्हणजे जमिनीवरची हवा समुद्राचा फेरा चुकवून वर जात होती. मला ही युक्ति फार आवडते. प्रदूषण मोजण्यासाठी नव्हे, तर हवा कोणत्या दाराने आत आली हे ओळखण्यासाठी त्यांनी एका विषारी वायूचा ओळखपत्रासारखा उपयोग केला.

पुढच्याच वर्षी जाँ-पॉल व्हर्निए आणि सहकाऱ्यांनी कॅलिप्सो उपग्रहाच्या लिडारमधून आणखी एक गोष्ट दाखवली. दर उन्हाळ्यात, १३ ते १८ किलोमीटरच्या दरम्यान, भूमध्याच्या पूर्व टोकापासून पश्चिम चीनपर्यंत सूक्ष्मकणांचा एक विरळ थर पसरतो. लिडार लेझरचा झोत खाली सोडतो आणि परत आलेला प्रकाश मोजतो. इतक्या विरळ थराचा परतावा इतका कमी, की आधी विरळ सिरस ढग (उंचावरचे बर्फाचे ढग) वगळावे लागले, मग ज्वालामुखींची राख आणि गंधक. २००८, २००९ आणि २०११ या वर्षांत मोठे उद्रेक झाल्यामुळे हे काम किचकट होतं. या थराला आशियाई तपस्तब्धी एरोसॉल थर म्हणतात, संक्षेपाने एटॅल. जुने उपग्रह तपासले तर १९९८ च्या आधी तो दिसत नाही. १९९५ ते २०१३ या काळात त्याची प्रकाशीय जाडी (तो प्रकाश किती अडवतो याचं माप) ०.००२ वरून ०.००६ वर गेली, म्हणजे तिप्पट झाली.

थर सापडला, पण तो कशाचा आहे ते कळेना. लिडारला कण दिसतात, त्यांचं रसायन नाही. बहुतेकांनी गृहीत धरलं की तो सल्फेटचा, म्हणजे गंधकाच्या धुरापासून बनलेल्या कणांचा, असणार. ते चुकीचं वाटण्यासारखं नव्हतं. स्थितांबरातला नेहमीचा कणांचा थर सल्फेटचाच असतो, आणि त्या काळात चीन व भारत दोन्हीकडे कोळशाचा वापर वाढत होता. जागतिक हवामानाच्या अनेक प्रतिमानांमध्ये (संगणकावरच्या गणिती नकलांमध्ये) नायट्रेट तर घातलेलंच नव्हतं. जे प्रतिमानात नाही ते उत्तरात येणार कुठून?

पहिला खटका हैदराबादेत उडाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र तिथे आहे. नासा आणि इस्रोच्या संयुक्त मोहिमेत २०१५ मध्ये तिथून मोठ्या फुग्याबरोबर कण गोळा करणारं उपकरण १७ किलोमीटरच्या आसपास पाठवलं गेलं. खाली आल्यावर नमुन्यात नायट्रेट सापडलं. सल्फेट मोजता येईल इतकंही नव्हतं. नमुना थोडा, त्यामुळे कुणी ढोल वाजवला नाही. पण शंका पेरली गेली.

दुसरा खटका कागदावर उडाला. एन्व्हिसॅट उपग्रह २०१२ मध्येच बंद पडला होता, पण त्यावरच्या मिपास उपकरणाचं जुनं मोजमाप जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथे मिखाएल ह्योफ्नर यांच्या गटाने पुन्हा चाळलं. एकेका वर्णपटात अमोनियाची खूण गोंधळात बुडून जायची. हजारो वर्णपटांची सरासरी काढली तेव्हा ती वर आली: मान्सूनच्या माथ्यावर, १२ ते १५ किलोमीटरवर, एक लाख कोटी रेणूंमागे ३३ रेणू अमोनिया. २०१६ चा हा निबंध. इतक्या उंचीवर अमोनिया प्रथमच दिसला होता, आणि तो मान्सूनपुरताच होता.

काठमांडू

स्ट्रॅटोक्लिम हा युरोपीय संघाचा प्रकल्प, जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेच्या मार्कुस रेक्स यांच्याकडे त्याची सूत्रं. सुरुवातीला सांगितलेलं जिओफिजिकाचं उड्डाण याच प्रकल्पातलं. विमान प्रत्यावर्ताच्या पोटात न्यायचं, हा हेतू. उपग्रह वरून बघतात, फुगे वाऱ्याबरोबर भरकटतात. हवे तिथे, हव्या उंचीवर जाऊन हवा हुंगायची तर विमानच लागतं. पण प्रत्यावर्ताचं पोट आहे भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान, चीन यांच्यावर. एकेकाळचं रशियन टेहळणी विमान, त्यावर युरोपीय उपकरणं, आणि सीमेलगतच्या आकाशात उड्डाणं. ही परवानगी काढायला विज्ञानापेक्षा जास्त चिकाटी लागते. २०१६ मध्ये ग्रीसमधल्या कालामाता इथून, म्हणजे प्रत्यावर्ताच्या पश्चिम टोकावरून, थोडी उड्डाणं झाली. २७ जुलै ते १० ऑगस्ट २०१७ या पंधरवड्यात मात्र काठमांडूहून आठ उड्डाणं झाली, आणि त्यांना नेपाळसह भारत व बांगलादेशाचंही आकाश मिळालं. एवढा मोठा प्रत्यावर्त आणि अवघी आठ उड्डाणं. तरी उन्हाळी मान्सूनच्या माथ्यावर इतक्या आतून, इतक्या उंचावर कुणी मोजमाप केलं नव्हतं.

विमानात दोन डझनांच्या आसपास उपकरणं होती. जोडीला फुगे होतेच. २०१६ मध्ये नैनितालहून आणि २०१७ मध्ये काठमांडूजवळच्या धुलीखेलहून पाण्याची वाफ, ओझोन आणि कणांचा प्रकाश मोजणारे फुगे सोडले गेले. ग्लोरियाचं मी आधी सांगितलं. दुसरं महत्त्वाचं यंत्र म्हणजे माइन्झच्या गटाने बांधलेला एरिका हा मास स्पेक्ट्रोमीटर. ग्लोरिया लांबून बघतो. एरिका उडता उडता एकेक कण आत ओढून लेझरने फोडतो आणि त्याचे तुकडे मोजतो. दोघांचं काम वेगळं, तत्त्व वेगळं, आणि दोघांचं उत्तर एकच आलं: या थरात नायट्रेट, अमोनियम आणि सेंद्रिय पदार्थ यांचा भरणा आहे. सल्फेट आहे, पण मुख्य पात्र नाही.

यानंतर ह्योफ्नर यांच्या गटाने जे केलं ते मला या प्रकरणातलं सगळ्यात चोख काम वाटतं. अमोनियम नायट्रेटची खूण कशी दिसते हे एकदा कळल्यावर त्यांनी जुन्या नोंदींमध्ये ती शोधली. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकी स्पेस शटलमधून क्रिस्टा नावाची जर्मन दुर्बीण काही दिवस अवकाशात गेली होती. तिच्या वर्णपटांत मान्सूनच्या माथ्यावर तीच खूण निघाली. म्हणजे लिडारला थर दिसायच्या आधीच, किमान वीस वर्षांपूर्वी, अमोनियम नायट्रेट तिथे होतं. माहिती कपाटात पडून होती. काय शोधायचं हे माहीत नसल्याने कुणी शोधलं नव्हतं.

एक अडचण उरली. खूण घन स्फटिकांची होती, पण शुद्ध अमोनियम नायट्रेटचे इवले थेंब थंड केले तरी स्फटिक व्हायचं नाव घेत नाहीत. मग कार्ल्सरूहेच्या आयडा या मोठ्या ढगकक्षात प्रयोग झाले. थेंबात किंचित अमोनियम सल्फेट मिसळलं की तो लगेच गोठून स्फटिक होतो. म्हणजे मुख्य पात्राच्या जागेवरून हटवलेलं सल्फेट विरजणाचं काम करायला परत आलं. हा निबंध २०१९ मध्ये 'नेचर जिओसायन्स'मध्ये आला.

पावसातून सुटला कसा

नववी-दहावीच्या प्रयोगशाळेत अमोनियाचं कारंजं दाखवतात. उलट्या चंबूत अमोनिया भरलेला असतो, त्यात पाण्याचा एक थेंब सोडला की वायू इतका झपाट्याने विरघळतो की निर्वात होऊन खालचं पाणी आपोआप वर उसळतं. एका लिटर पाण्यात शेकडो लिटर अमोनिया मावतो. मग लाखो टन पाणी असलेल्या गडगडाटी ढगातून तो पार होतोच कसा?

यावर मांडलं जाणारं उत्तर बर्फाशी निगडित आहे. ढगाच्या खालच्या भागात अमोनिया थेंबांत विरघळतो, हे खरंच. पाच-सहा किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली जातं, पण थेंब लगेच गोठत नाहीत. अतिशीत अवस्थेत आणखी वर जातात. गोठताना बर्फाच्या जाळीत अमोनियाला जागा नसते, त्यामुळे विरघळलेल्यापैकी बराचसा वायू पुन्हा मोकळा होतो. तोवर तो जोरदार ऊर्ध्ववाऱ्यात आठ-दहा किलोमीटरवर पोहोचलेला असतो. पाऊस त्याला पकडतो, पण गारठल्यावर सोडून देतो. नायट्रिक आम्लाचं तसं नाही. ते बर्फाला घट्ट चिकटतं.

दुसरी बाजूही अशीच मजेची. अमोनियाला नायट्रेट व्हायला नायट्रिक आम्ल लागतं, आणि खालचं बरंचसं आम्ल पावसात गेलेलं असतं. ते वर पुरवते ती वीज. विजेच्या लोळात नायट्रोजन आणि ऑक्सिजन जोडले जातात, त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड आणि पुढे नायट्रिक आम्ल तयार होतं. उणे ७०-८० अंशांत अमोनिया आणि नायट्रिक आम्ल एकत्र आले की ते कण म्हणूनच राहतात. जूनच्या उकाड्यात जमिनीलगत तोच कण टिकला नसता, पुन्हा वायू होऊन उडाला असता. २०२२ मध्ये जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतल्या क्लाउड कक्षात वरच्या तपांबरासारखी परिस्थिती उभी केली गेली. नायट्रिक आम्ल, गंधकाम्ल आणि अमोनिया तिघे थंडीत एकत्र आले तर कोणत्याही दोघांपेक्षा कितीतरी झपाट्याने नवे कण जन्मतात, असं तिथे दिसलं.

थोडक्यात, जो ढग खालची धूळ, काजळी आणि गंधक धुतो, तोच अमोनिया वर नेतो आणि त्याला कण करणारं आम्लही स्वतःच तयार करतो. २०१५ मध्ये हॅलो या जर्मन विमानातून योस लेलिफेल्ड यांच्या गटाने मान्सूनच्या बाहेर वाहत जाणारी हवा मोजली होती. त्यांनी मान्सूनला एकाच वेळी पंप आणि धोबी ठरवलं: विजेमुळे वर हायड्रॉक्सिल हा स्वच्छता करणारा घटक वाढतो, बरेचसे प्रदूषक विरघळण्याजोगे होतात आणि नंतर धुतले जातात. धोबी मोठं काम करतो, यात वाद नाही. पण उरलेलं जगभर पसरतं.

गोणी कुणाची

विमानाने पकडलेल्या हवेचा माग प्रतिमानांनी मागे घेतला, तेव्हा ती वायव्य भारत आणि पाकिस्तानातल्या ढगांमधून वर आलेली निघाली. सिंधू-गंगेचं मैदान उपग्रहांच्या नकाशावर जगातल्या अमोनियाच्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक दिसतं. इथे दोन स्रोत आहेत. जनावरांचं शेण-मूत्र हा एक. बंद गोठ्यात शिरल्यावर नाकाला झोंबतो तो वास अमोनियाचाच. दुसरा युरिया.

देशाचा युरियाचा वापर गेली काही वर्षं साडेतीनशे लाख टनांच्या आसपास आहे. गोणी ४५ किलोची, सबसिडीमुळे २६६ रुपये ५० पैशांना. त्यात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे सुमारे २१ किलो. पिकाला सगळा मिळत नाही. ओल्या मातीवर युरिया फोकून दिला की मातीतला युरिएज नावाचा विकर काही दिवसांतच त्याचा अमोनिया करतो. माती विम्ल (अल्कधर्मी) असेल, ऊन असेल, खत वरच पडून राहिलं असेल, तर तो मातीत मुरण्याऐवजी हवेत जातो. भातखाचरात साचलेल्या पाण्यात दुपारी शेवाळामुळे पाणी आणखी विम्ल होतं आणि उडणं वाढतं.

आणि हे सगळं घडतं नेमकं जून-जुलैत, म्हणजे वरचा भोवरा पूर्ण जोरात असताना. पंजाबने २००९ मध्ये भूजल वाचवण्यासाठी कायदा करून १० जूनच्या आधी भाताची लावणी बंद केली. त्या कायद्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमधलं भाताचं काड जाळणं कमी दिवसांत दाटलं, ही चर्चा आपल्याकडे बरीच झाली. लावणी पुढे गेली की युरियाचे हप्तेही मान्सूनच्या आत सरकणार, हा माझा तर्क. त्याचा वर जाणाऱ्या अमोनियावर परिणाम किती हे कुणी वेगळं काढायला हवं.

भारताच्या २००९ च्या हवेच्या मानकांत अमोनिया आहे. २४ तासांसाठी ४०० आणि वर्षासाठी १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. ही मर्यादा माणसाच्या फुप्फुसासाठी आहे, ढगांसाठी नाही. २०१९ पासूनचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम शहरं आणि धूलिकण यांच्याभोवती फिरतो. शेतातून सुटणाऱ्या अमोनियाला तिथे वाली नाही. युरोपात १९९९ च्या गोथेनबर्ग करारापासून देशांना अमोनियाची कमाल मर्यादा आहे. निंबलेपित युरिया २०१५ पासून सक्तीचा झाला, पण निंबाचा लेप नायट्रीकरण मंदावतो. अमोनिया उडू न देणं हे त्याचं काम नाही. तिथे काम करते ती युरिया खोल पुरण्याची पद्धत. कोकणात चारसूत्री भात लागवडीत चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध ७ ते १० सेंटीमीटर खोल ब्रिकेट, म्हणजे खताची दाबलेली वडी, खोचायची शिफारस कित्येक वर्षं आहे. ब्रिकेट खताची बचत करते म्हणून सांगितली गेली. मजूर लागतो, वाकावं लागतं, त्यामुळे फोकणंच चालू राहिलं. हवेत उडणारा अमोनिया कमी होतो, हा तिचा आणखी एक फायदा.

वर गेल्यावर

स्थितांबरात पाऊस नाही, त्यामुळे तिथे पोहोचलेला कण महिनोन्महिने राहतो. पेंगफेई यू आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार उत्तर गोलार्धातल्या स्थितांबरातील कणांच्या एकूण पृष्ठभागापैकी सुमारे १५ टक्के मान्सूनच्या वाटेने आलेला असतो. ज्वालामुखी शांत असलेल्या वर्षांत हा मोठाच वाटा. हा थर सूर्यप्रकाश परतवतो. त्या प्रदेशापुरता त्याचा परिणाम दर चौरस मीटरला सुमारे उणे ०.१ वॅट. शिवाय घन अमोनियम नायट्रेट बर्फाच्या स्फटिकांना बीज पुरवतं, म्हणजे मान्सूनच्या वरच्या पातळ सिरस ढगांची घडण त्यामुळे बदलू शकते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या सुवर्णा फडणवीस आणि सहकाऱ्यांचं काम इथे जोडावं लागतं. २०१९ च्या त्यांच्या निबंधात असं दिसलं की एल निनोच्या वर्षी पूर्व आशियातलं प्रदूषण जास्त प्रमाणात वर येऊन दक्षिण आशियावरचा हा थर दाट होतो, जमिनीवर येणारं ऊन घटतं आणि आधीच कमकुवत असलेला मान्सून आणखी मंदावतो. म्हणजे दुष्काळी वर्षात भर घालायलाही हा थर हजर. अर्थात हे प्रतिमानाचं उत्तर आहे. त्यात नायट्रेट, सल्फेट, काजळी यांचं प्रमाण कसं धरलं यावर आकडा हलतो, आणि काठमांडूच्या मोजमापानंतर अशी गणितं पुन्हा करणं भाग आहे.

एक वाकडा फाटाही नोंदवतो. जून २०११ मध्ये इरिट्रियातला नाब्रो ज्वालामुखी फुटला तेव्हा त्याचं गंधक थेट स्फोटाने स्थितांबरात गेलं की मान्सूनने उचलून नेलं, यावरून 'सायन्स'च्या पानांवर दोन-तीन गटांची चांगलीच जुंपली. मान्सूनच्या बाजूने दावा आकर्षक होता. पण स्फोटानेच बराचसा माल तेवढ्या उंचीवर नेल्याचा पुरावाही भक्कम निघाला. मान्सूनला प्रत्येक गोष्टीचं श्रेय देण्याचा मोह टाळायला हे उदाहरण उपयोगी आहे.

पूर्वेकडचं चित्र वेगळंच. २०२२ च्या उन्हाळ्यात दक्षिण कोरियातल्या ओसानहून दोन अमेरिकी संशोधन विमानांनी पूर्व आशियाई मान्सूनची वरची हवा मोजली. तिथे मुख्य काळजी अमोनियाची नव्हती, डायक्लोरोमिथेनसारख्या अल्पायुषी क्लोरीन संयुगांची होती. पूर्वीच्या नोंदींच्या दुपटीहून अधिक सापडली. ही संयुगं ओझोनला घातक, पण १९८७ च्या माँट्रियल करारात नाहीत. करार करताना समजूत अशी, की ती स्थितांबरात पोहोचण्याआधीच मोडतील. मान्सून त्यांना मोडायला वेळच देत नाही.

आता कोण बघतंय

स्ट्रॅटोक्लिमनंतर या थराचं रसायन कळलं. तो वर्षागणिक कसा बदलतो, हे नाही. चीनमधला गंधकाचा धूर गेल्या दशकात झपाट्याने उतरला, भारतातला तसा उतरला नाही, अमोनियाला कुणी हात लावलेला नाही. तर्काने सल्फेट घटून नायट्रेटचा वाटा वाढायला हवा. पण हे तपासायचं तर सतत बघणारा डोळा लागतो, आणि डोळे मिटत चालले आहेत. मिपास २०१२ मध्येच गेला. कॅलिप्सोचं काम ऑगस्ट २०२३ मध्ये संपलं. ग्लोरियाच्याच तत्त्वावरचं केअर्ट हे उपकरण अवकाशात न्यायचा प्रस्ताव युरोपीय अंतराळ संस्थेपुढे शेवटच्या फेरीपर्यंत होता. २०२५ मध्ये निवड ढग आणि वारे मोजणाऱ्या विव्हर्नची झाली. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर जर्मनीने रशियाशी वैज्ञानिक सहकार्य गोठवलं, त्यामुळे जिओफिजिकाचाही भरवसा राहिला नाही. उरले फुगे, आणि हैदराबाद व नैनितालसारखी ते सोडण्याची ठिकाणं. एका फुग्यातून मिळते ती एका दिवसाची, एका जागेची हवेची एक उभी रेघ. पण कण गोळा करून खाली आणता येतो, आणि २०१५ मध्ये नायट्रेट पहिल्यांदा सापडलं ते तशाच नमुन्यात.